उंदरांचं कुरण आणि आमचे मामेसासरे

इंग्लंडातल्या लीड्सच्या आसपासच्या मराठी वस्तीत आमच्या मामेसासऱ्यांइतक्या लोकांना झोपवलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. उमेदीची सगळी वर्षं ते तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, तेव्हा हे काम ते पगार घेऊन करत. निवृत्त झाल्यावर हौसेखातर करू लागले. फरक इतकाच, की पूर्वी पेशंटला सुई टोचावी लागे, आता समोरच्याने नुसतं "मामा, कसे आहात?" असं विचारलं तरी पुरतं. "मी बरा आहे," एवढं एक वाक्य मामा स्वतःबद्दल बोलतात आणि दुसऱ्या वाक्यात डोंगरावरच्या उंदरांवर येतात. मग समोरच्याचे डोळे आधी स्थिर होतात, नंतर जड होतात आणि शेवटी मान पडते. त्यांच्या हातून एकही पेशंट दगावला नाही असं हॉस्पिटलात अभिमानाने सांगतात. मित्रमंडळींबद्दल इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

मी राहतो लंडनजवळ ब्रॅकनेलला, कामाला एका सॉफ्टवेअर कंपनीत. माझं लग्न मुग्धाशी झालं आणि तिचे सख्खे मामा मला हुंड्यात मिळाले. ते मला "जावईबापू" म्हणतात. त्या शब्दात आदर किती आणि कीव किती, हे मला अजून कळलेलं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जगात नेमका काय फरक करता?" मी जरा लांबलचक उत्तर दिलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे व्होलइतकासुद्धा नाही."

व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, गोबऱ्या गालांचा, मुठीत मावेल एवढा प्राणी. इकडच्या गवताळ डोंगरांत बिळं करून राहतो आणि जागा असेपर्यंत गवत कुरतडतो. तुम्हीआम्ही त्याला उंदीर म्हणून मोकळे होऊ. मोल हा त्याचा जमिनीखालचा शेजारी. मखमली अंगाचा, जवळजवळ आंधळा, फावड्यासारख्या पंजांनी माती मागे सारत बोगदे खणणारा आणि जागोजागी मातीचे ढीग वर लोटणारा. असल्या उकरून टाकलेल्या मातीला आपल्याकडे उकीर म्हणतात, हा शब्द मला पुण्यात इतकी वर्षं काढून माहीत नव्हता. तो मला इंग्लंडमध्ये मामांनी शिकवला. सगळा इंग्लंड देश आपल्या लॉनवरचा उकीर बघून दातओठ खातो आणि मोल पकडणाऱ्या माणसाला फोन करतो. मामा मात्र उकीर दिसला की गाडी थांबवतात. मोटरवेच्या कडेला दिसला तर थांबवता येत नाही, म्हणून हळू करतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, मामा त्यांना हात करतात. त्यांना वाटतं लोक अभिवादन करताहेत.

हे खूळ लागलं स्वित्झर्लंडला. निवृत्तीनंतर मामा आणि मामी एका भारतीय टूरबरोबर आल्प्स बघायला गेले होते. सकाळी नाश्त्याला पोहे, दुपारी केबल कार, संध्याकाळी पावभाजी, अशी ती टूर. नुकताच बर्फ वितळला होता. बाकीची मंडळी शिखराकडे पाठ करून फोटो काढत होती, तर मामा पायाखालच्या कुरणाकडे बघत उभे राहिले. गवतावर मातीची लांबच लांब वेटोळी पडली होती, कुणी तळायच्या आधीच्या चकल्या सांडून ठेवाव्यात तशी. हिवाळाभर बर्फाखाली बिळं करणाऱ्या उंदरांनी उकरलेली माती बर्फातल्या बोगद्यांत भरली आणि बर्फ वितळल्यावर ती तशीच खाली बसली, असं तिथल्या गाइडने सांगितलं. एवढं बोलून तो बिचारा पुढे निघाला होता. मामांनी त्याची बाही पकडली. बस खोळंबली, टूर मॅनेजरने माइकवरून मामांच्या नावाचा पुकारा केला, शेवटी दोन धट्टेकट्टे सहप्रवासी त्यांना आणायला गेले तेव्हा मामांचा हात कोपरापर्यंत एका बिळात होता. मामी अजून सांगतात, "सगळ्या बायकांनी नवऱ्याबरोबर बर्फात फोटो काढले. माझ्याही फोटोत हे आहेत. फक्त पाठमोरे, आणि ओणवे."

त्या बिळातून मामांनी हात बाहेर काढला तो सिद्धान्तासकट. तो थोडक्यात सांगता येतो, पण मामांना येत नाही, म्हणून मी सांगतो. उंच डोंगरावर थंडी फार. वाळलेलं गवत लवकर कुजत नाही, त्याची गादी साचत जाते. फुलझाडांचं बी त्या गादीवर पडतं आणि तिथेच वाळून जातं, त्याला मातीच भेटत नाही. मग एखादा उंदीर खालून बीळ काढतो, तळहाताएवढी ताजी माती वर फेकतो, आजूबाजूचं दांडगं गवत खाऊन टाकतो. बियाला माती मिळते, रोपाला ऊन मिळतं, पाणी बिळातून खाली मुरतं. "डोंगरावरची फुलं बघायला लोक हजारो मैल येतात," मामा म्हणतात, "पण माळ्याचे आभार कोण मानतं?"

हा सिद्धान्त पटवण्यासाठी मामा कुठल्याही थराला जात. माझा मॅनेजर एकदा आमच्याकडे जेवायला आला होता. नेमके मामाही आले होते. मॅनेजर ताटातल्या भाताच्या मुदीकडे कौतुकाने बघत होता. तेवढ्यात मामांनी हात लांब करून त्याच्या मुदीत बोटाने तीन-चार भोकं पाडली. "आता वरण ओता," ते मला म्हणाले. मी नोकरीचा विचार करत वरण ओतलं. ते झर्रकन भातात मुरलं. मग मामांनी मुग्धाची न फोडलेली मूद दाखवली. तिच्यावरून वरण ओघळून ताटाच्या कडेला कोशिंबिरीत गेलं होतं. "सी? धिस इज अ मेडो विदाउट व्होल्स," मामा विजयाने म्हणाले. मॅनेजर सभ्य गृहस्थ. त्याने "हाउ इंटरेस्टिंग" म्हटलं, भात संपवला आणि त्यानंतर आमच्याकडे कधी जेवायला आला नाही.

मराठी मंडळाने तर त्यांना गणेशोत्सवात "निवृत्तीनंतरचं आरोग्य" या विषयावर बोलायला उभं केलं. मामा रक्तदाबापासून सुरू करतील अशी सगळ्यांची समजूत. त्यांनी गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाकडे बोट दाखवलं आणि "आपण ह्याला साधा मोदकसुद्धा स्वतंत्र देत नाही" इथून जी सुरुवात केली, ती डोंगरावरच्या मातीत उतरली आणि वर येईना. लहान मुलं रडायला लागली. मोठ्यांना रडता येईना. शेवटी सेक्रेटरीबाईंनी झांजा उचलल्या आणि आरतीच सुरू केली. देवाच्या आरतीत कोण अडथळा आणणार? मामाही टाळ्या वाजवू लागले. पण दोन कडव्यांच्या मधल्या जागेत त्यांनी शेजारच्याला बिळांच्या खोलीबद्दल काहीतरी सांगितलंच.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मामी हे सगळं सोसत होत्या, कारण त्यांचा डोळा पुण्यावर होता. मामी लीड्समध्येच जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होत्या. जन्मभर दुसऱ्यांचे खोकले ऐकले, आता पुण्यात जाऊन बहिणींच्या तक्रारी ऐकायच्या, हे त्यांचं स्वप्न. फ्लॅट तयार होता, पडदेसुद्धा शिवून घेतले होते. "मी निवृत्त झालो की जाऊ," असं मामांनी कबूल केलं होतं. आणि निवृत्त झाल्यावर मामांनी काय केलं? उत्तरेकडे टीसडेलच्या वरच्या अंगाला, वारा माणसाला उभा राहू देत नाही अशा उतारावर एक कुरण विकत घेतलं. सोबत दगडी भिंतींचं एक खोपटं, त्यात एक शेगडी आणि असंख्य कोळी. आल्प्समधली निळी फुलं म्हणे इंग्लंडमध्ये त्याच भागात उगवतात. मामींना ही बातमी त्यांनी वाढदिवसाची भेट म्हणून सांगितली.

"किती दिवस?" मामींनी एवढंच विचारलं.

"कुरण आहे गं ते. दिवसांत मोजत नाहीत," मामा म्हणाले.

मग आमच्यासारख्या नातेवाइकांचे वीकेंड त्या कुरणात पुरले गेले. मामांना प्रयोग करायचा होता. कुरणाचा एक चौकोन जाळीने बंद करायचा, म्हणजे त्यात व्होल आणि मोल जाणार नाहीत. बाहेरचा भाग त्यांना मोकळा. मग फुलं कुठे जास्त येतात ते बघायचं. जाळी जमिनीखाली खोल गाडायची, त्यासाठी चर खणायचा आणि चर खणायला पाहुणे बोलवायचे. आमंत्रण पुरीभाजीचं असे. पोहोचलं की आधी हातात कुदळ मिळे. कीबोर्डवर पोसलेल्या माझ्या हातांना फोड यायचे, आणि मामा चराच्या काठावर उभे राहून म्हणायचे, "जावईबापू, फट ठेवू नका. तुमच्या कंपनीत चुका राहिल्या तर चालत असेल. व्होलला फट लगेच सापडते." मामी खोपट्याच्या दारात खुर्ची टाकून पुण्याला फोन करत बसायच्या. वाऱ्याने त्यांचं अर्धंच बोलणं पलीकडे पोहोचायचं, पण उरलेलं अर्धं आम्हाला नीट ऐकू यावं अशी त्यांची व्यवस्था असे. "नाही गं, अजून नाही. आधी उंदरांचं बस्तान बसू दे, मग आमचं."

एका शरद ऋतूत मात्र गोष्ट गळ्याशी आली. मामा एकटेच कुरणावर गेले होते. जमिनीखाली कुरतडण्याचा आवाज ऐकावा म्हणून त्यांनी जुना स्टेथोस्कोप कानाला लावला आणि उतारावर पालथे पडून तो बिळाजवळ टेकवला. ऊन छान होतं. खालच्या पायवाटेने चाललेल्या एका जोडप्याला वर पालथा पडलेला म्हातारा माणूस दिसला. त्यांनी हाका मारल्या. मामांच्या कानात नळ्या. त्यांना अस्पष्ट काहीतरी ऐकू आलं, तेव्हा त्यांनी मान न उचलता "गप्प बसा" म्हणून एक हात वर केला. जोडप्याला वाटलं, बुडत्याने शेवटचा हात वर केला. ते घाबरून मोबाइलला रेंज मिळेल तिकडे धावले. आणि इकडे, आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवणाऱ्या मामांना त्या उबेत स्वतःलाच झोप लागली.

डोंगरातलं बचावपथक आलं, पाठोपाठ हेलिकॉप्टर आलं. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवरून पोलिसांनी घरचा पत्ता काढला आणि मामींना फोन केला की एक वयस्कर गृहस्थ डोंगरावर निपचित सापडलेत, अधिक माहिती कळवतो. ती अधिक माहिती यायला खूप वेळ लागला, कारण हेलिकॉप्टरच्या आवाजाने जागे झालेले मामा पथकातल्या लोकांवर ओरडत होते. या आवाजाने अख्ख्या उतारावरचे प्राणी बिळात दडी मारून बसले, आता आठवडाभर बाहेर येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. एकाने त्यांना चंदेरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. त्या ब्लँकेटमधूनसुद्धा त्यांनी त्याला गवताच्या गादीबद्दल सांगितलं.

त्या संध्याकाळी आम्हीही धावत लीड्सला पोहोचलो होतो. इरा, म्हणजे मामांची मुलगी, हॉस्पिटलातली ड्यूटी टाकून आली होती. ती लीड्समध्येच जन्मली-वाढली, आणि चिडली की तिचं मराठी आणखी मोडतं. "बाबा, तुझा डोकं ठीक आहे ना? अख्खा हेलिकॉप्टर आली तुझ्यासाठी! आई किती रडला!"

"आई रडली," मामा म्हणाले. व्याकरणाची चूक त्यांना तेवढ्यातही सोडवली नाही. मग मामींकडे वळून म्हणाले, "पण आवाज काय स्वच्छ ऐकू येत होता! कुरतडण्याचा."

मामी सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नव्हते, पुसण्यासारखे राहिलेही नव्हते. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, अख्खी दुपार मी विधवा होते."

इरा त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"कुणाला आधी कळवायचं ते ठरवून झालं माझं. इराला कसं सांगायचं ते ठरवून झालं. तुमचे कपडे कुणाला द्यायचे इथपर्यंत मी पोहोचले होते. आणि तुम्ही तिकडे बिळाला कान लावून घोरत होतात."

पुढच्याच आठवड्यात मामी पुण्याला गेल्या. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. मामा त्यांना विमानतळावर सोडून आले आणि आम्हाला फोनवर म्हणाले, "तिला पुणं पाहिजे होतं, मिळालं. मला इथे काम आहे." पुढे नेहमीप्रमाणे व्होलवर गेले, पण त्या दिवशी मला झोप आली नाही.

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ भरपूर पडला. मामा खूश होते. बर्फ म्हणजे उंदरांची दुलई. तिच्याखाली ऊब असते, घुबडांना दिसत नाही, खाणं हाताशी. वसंतात बर्फ वितळला की कुरण बघायला या, असं त्यांनी फर्मान काढलं. आम्ही गेलो. आणि गेटपाशीच थबकलो. कुरण उरलंच नव्हतं. दुलईखाली उंदीर अमाप वाढले होते आणि त्यांनी दिसेल ते खाऊन टाकलं होतं. बोडक्या जमिनीवर त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा सगळीकडे पसरल्या होत्या. कातरलेल्या गवताचे पुंजके, लेंड्या, आणि ज्या निळ्या फुलांच्या कौतुकापायी मामांनी एवढं सगळं केलं, त्यांची मुळंसुद्धा कुरतडलेली. फक्त जाळीच्या आतला चौकोन हिरवागार होता. माझ्या चरात फट राहिली नव्हती, याचा आनंद मानायचीही चोरी होती.

मामा पालथ्या बादलीवर बसले होते. दाढी वाढलेली. मी विचारलं, "मामा, काय झालं हे?"

"जास्त झाले," ते म्हणाले.

बस्स. पुढचं वाक्य आलंच नाही. लीड्सपर्यंतच्या परतीच्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. वाटेत दोन्ही बाजूंना उकीर होता, त्यांनी वर बघितलं नाही. हा माणूस गप्प बसावा म्हणून मी किती वेळा देव पाण्यात घातले असतील. आता तो गप्प बसला तर गाडीत बसवेना.

घरी फ्रिज उघडून बघितला आणि मुग्धाने दुसऱ्या खोलीत जाऊन मामींना फोन लावला. कुरणाची हकिकत ऐकून मामी आधी मनमुराद हसल्या. "बोडकं? सगळं? ह्यांच्या उंदरांनी?" मग थांबून म्हणाल्या, "जेवतात का?"

"ब्रेड आणि लोणचं."

"कुठलं लोणचं?"

"तू केलेलं. लिंबाचं."

"मग संपत आलं असेल," मामी म्हणाल्या.

त्या आल्या. आल्या त्याच आठवड्यात कुरण बघायला गेल्या, आम्हीही सोबत होतो. मामींनी कमरेवर हात ठेवून तो उजाड उतार वरपासून खालपर्यंत बघितला. मामा त्यांच्यामागे उभे होते. म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच खरं. शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकू हे. पुण्याला जाऊ."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं हातात आल्यावर मामींनी काय करावं? त्या फणकारल्या. "हरलेला माणूस घेऊन मी पुण्यात राहणार नाही. रोज बाल्कनीत बसून उसासे टाकाल, ते कोण ऐकणार? माझ्या बहिणी?" आणि खोपट्याकडे चालू लागल्या. "काय व्हायचं ते होऊ दे इथे. ते बघू, मग जाऊ."

आणि झालं ते असं. घुबडं आली, उंदीर ओसरले. त्या उन्हाळ्यात कुरण तसंच उघडं राहिलं. पण पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा त्याच बोडक्या मातीतून फुलं नुसती उसळली होती. पिवळी आणि जांभळी रानपॅन्सी, पांढरी नखाएवढी फुलं, कुरतडल्या मुळांतूनही वाचलेली थोडी निळी. जाळीच्या आतल्या चौकोनात मात्र दांडगं गवत आडवं पडून त्याची गादी झाली होती आणि त्या गादीत एक फूल शोधून सापडेना. मामा जिंकले होते. आणि जिंकलेले मामा म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. त्यापेक्षा हरलेले परवडले. सँडविचच्या कडा वाळून वर आल्या, इराने कानात इअरफोन घातले, मी उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलो, तरी मामा बोलत होते. मामी तर स्वेटरची उशी करून उन्हात सरळ आडव्या झाल्या. त्यांना झोप लागल्याचं दिसलं तेव्हा मामांनी आवाज खाली आणला. पण बोलणं थांबवलं नाही.

आता ती दोघं थंडीत पुण्यात आणि उन्हाळ्यात लीड्समध्ये राहतात. मामांचे दोन्ही गुडघे गेलेत. कुरणाचा चढ त्यांना जमत नाही. या जूनमध्ये मीच त्यांना गाडीतून तिथे घेऊन गेलो. गेटपाशी गाडी लावली आणि मामी एकट्याच काठी घेऊन वर निघाल्या. हल्ली असंच करतात म्हणे. मामा खिडकीतून वर बघत राहिले. मी आपणहून व्होलचा विषय काढला, पण ते फक्त "हं" म्हणाले.

बऱ्याच वेळाने मामी खाली आल्या. धापा टाकत दाराशी टेकल्या आणि सांगू लागल्या. "वरच्या अंगाला मातीचे नवे ढीग झालेत. आणि ती पिवळी शेवंती आहे ना, ती या वर्षी फार आलीय हो. नुसती शेवंतीच शेवंती."

त्या डोंगरावर शेवंती उगवत नाही. एवढं आता मलासुद्धा कळतं. मी मामांकडे बघितलं. ज्यांनी चिडलेल्या मुलीचं व्याकरण सुधारलं ते मामा.

"शेवंती?" मामा म्हणाले. "वा."

"आणि ती निळी, तुमची ती. दिसली थोडी. मग मला दम लागला, म्हणून बसले जरा."

मामांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. "कुठे बसलीस?"

"त्या मोठ्या दगडावर. ऊन होतं छान."

"मग?"

मामी सांगत राहिल्या. मामा ऐकत राहिले.